आधी डोळे बघा: खानदेशातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र लिहिते आहे. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असा भेद इथे करत नाही. चक्कर आलेला माणूस पाटीवरची डिग्री वाचून दवाखाना निवडत नाही. जो जवळ आहे, जो ओळखीचा आहे, त्याच्याकडे तो जातो. म्हणजे तुमच्याकडे.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पाठवलेल्या पेशंटच्या ऐकण्याच्या आणि तोलाच्या तपासण्या करणं हे माझं रोजचं काम. औषध मी लिहीत नाही. पण ठिकठिकाणी फिरून दमलेला चक्करचा पेशंट शेवटी ज्या खोलीत येतो, ती खोली माझी आहे. तिथे जे दिसतं त्यावरून तुमच्याकडे एक मागणी आहे. चक्कर म्हणून आलेल्या पेशंटला सलाईन लावण्याआधी, मानेचा एक्स-रे लिहिण्याआधी, एकदा टेबलवर आडवं करा आणि त्याचे डोळे बघा. त्यासाठी लागतात फार तर दोन-तीन मिनिटं. मशीन लागत नाही.

माझ्यासमोर येणाऱ्या फायली आता मला पाठ झाल्यात. प्लास्टिकच्या पिशवीत सगळं नीट जपून ठेवलेलं असतं. पहिल्या चिठ्ठीवर पित्ताची गोळी, कारण चक्करसोबत उलट्या झाल्या होत्या. दुसरीवर अशक्तपणाचं टॉनिक आणि एक बाटली सलाईन. मग रक्त, साखर, लघवी, ईसीजी. मग मानेचा एक्स-रे, त्यावर ‘मणक्यांची झीज’, आणि त्यानंतर मानेचा पट्टा. मग ‘मेंदूला रक्त कमी पडतं’ असं कोणीतरी म्हणतं आणि घरातली मंडळी गाडी करून नाशिकला किंवा सुरतला जाऊन मेंदूचा एमआरआय काढून आणतात. तो नॉर्मल येतो. नॉर्मल आला म्हणून घरचे म्हणायला लागतात की हिला काही झालेलं नाही, काम नको म्हणून पडून राहते. हे शेवटचं वाक्य मी सुनांच्या बाबतीत ऐकलं आहे, सासवांच्या बाबतीतही ऐकलं आहे, आणि प्रत्येक वेळी राग येतो. त्या बाईला खरोखर चक्कर येत असते. तिचा आजार एमआरआयमध्ये दिसणारा नाही, एवढाच त्या नॉर्मल रिपोर्टचा अर्थ.

मानेच्या एक्स-रेबद्दल स्पष्ट बोलते. पन्नाशीनंतर कोणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसते, चक्कर येत असो वा नसो. त्यामुळे ‘झीज आहे, म्हणून चक्कर आहे’ हे गणित जुळत नाही. मान वर केली की चक्कर येते, कुशीवर वळलं की येते, म्हणून दोष मानेला जातो. पण मान हलते तेव्हा डोकं हलतं, आणि डोक्यात दोन्ही बाजूंना कानाच्या आत तोलाचं यंत्र बसलेलं आहे.

तुम्ही हे शरीररचनेत शिकलेले आहात, तरी माझ्या पद्धतीने मांडते. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, एकमेकींशी साधारण काटकोनात. त्यांत द्रव आहे. भरलेली घागर गर्रकन फिरवली की आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, तसा डोकं वळलं की हा द्रव मागे राहतो आणि त्याच्या दाबाने नलिकेच्या तोंडाशी असलेला पडदा वाकतो. तिथल्या केसांसारख्या पेशी मेंदूला कळवतात की डोकं अमुक दिशेने वळलं. मेंदू तत्काळ डोळ्यांना उलट दिशेला सरकवतो, म्हणून चालताना, वळताना आपल्याला समोरचं जग स्थिर दिसतं. कान बिघडला की डोळे नसत्या वेळी सरकायला लागतात. हळूहळू एका बाजूला घसरतात, झटक्यात परत येतात, पुन्हा घसरतात. याला आपण निस्टॅग्मस म्हणतो. म्हणूनच कानाची ही तपासणी डोळ्यांत बघून करायची असते.

नलिकांच्या शेजारी युट्रिकल नावाची पिशवी आहे. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक एका चिकट थरावर चिकटलेले असतात. वयामुळे, डोक्याला मार बसल्यामुळे, फार दिवस अंथरुणाला खिळल्यामुळे, आणि अनेकदा कुठलंच कारण न सापडता, त्यातले काही सुटतात आणि नलिकेत शिरतात. बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, कारण ती सगळ्यांत खाली असते. मग डोकं एका ठरावीक दिशेला गेलं की स्फटिक घरंगळतात, सोबत द्रव ओढतात, आणि मेंदूला खबर जाते की माणूस गरगर फिरतो आहे. हा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की झटक्याने येणारी, जिवाला धोका नसलेली चक्कर. कानामुळे येणाऱ्या चक्करचं सगळ्यांत जास्त आढळणारं कारण हेच आहे. बायकांमध्ये तो जास्त आणि उतारवयात जास्त. हाडं ठिसूळ झालेल्या, ‘ड’ जीवनसत्त्व कमी असलेल्या माणसांत तो पुन्हा पुन्हा होतो.

पारोळा तालुक्यातल्या एका आजींची गोष्ट सांगते. कापूस वेचायला वाकल्या की गरगरायचं, रात्री उजव्या कुशीवर वळल्या की खाट उलटी झाल्यासारखं वाटायचं. शेतात जाणं बंद झालं होतं. फळीवरचा डबा काढायचा तरी नातीला हाक मारायच्या. गळ्यात मानेचा पट्टा होता, भर उन्हाळ्यात, आणि पट्ट्याखाली घामोळ्यांनी कातडी लाल झाली होती. सोबत तीन प्रकारच्या गोळ्या. तज्ज्ञांनी त्यांना मशीनवरच्या तपासणीसाठी पाठवलं होतं. मशीनला हात लावण्याआधी मी त्यांना टेबलवर पाय लांब करून बसवलं, डोकं उजवीकडे पंचेचाळीस अंश वळवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि त्यांना पटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. डोळे उघडेच ठेवायला सांगितलं होतं. पहिले काही क्षण काहीच नाही. मग बुबुळं फिरायला लागली. वरच्या दिशेने झटके आणि सोबत गोल पीळ, खालच्या कानाकडे. आजींनी माझं मनगट गच्च पकडलं. “माय, माले धर, मी पडसू!” मिनिटाच्या आत सगळं थांबलं.

निदान झालं. त्यात शंकेला जागा राहिली नाही. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली ही पद्धत नीट लिहून ठेवली. आडवं केल्यावर काही सेकंदांनी सुरू होणारं, वाढून मिनिटाच्या आत विरणारं, वर आणि गोल फिरणारं निस्टॅग्मस दिसलं की मागच्या नलिकेतला बीपीपीव्ही. सोप्या तपासण्यांपैकी इतकं पक्कं उत्तर देणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

उपचारही त्याच टेबलवर. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे जॉन एप्ली यांनी ही युक्ती काढली आणि तिचा सविस्तर लेख १९९२ साली छापून आला. त्याआधी अनेक वर्षं त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना गांभीर्याने घेतलं नव्हतं. डोक्याच्या काही हालचालींनी चक्कर जाते, यावर कोणाचा विश्वास बसेना. आज जगभर तीच पद्धत पहिला उपचार मानली जाते. आजींच्या बाबतीत असं केलं. उजवीकडे वळवलेलं, लोंबलेलं डोकं तसंच अर्धा-एक मिनिट ठेवलं. मग डोकं डावीकडे वळवलं, तेवढंच थांबले. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे, पुन्हा थांबले. मग पाय खाली सोडून, हनुवटी थोडी छातीकडे ठेवून उठवलं. स्फटिक नलिकेतून फिरून परत पिशवीत जातात. बहुतेकांना एक-दोन वेळा केल्यावर आराम पडतो. काहींना काही महिन्यांनी पुन्हा होतो, तेव्हा पुन्हा करायचं. आजी पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा गळ्यात पट्टा नव्हता. औषधं बंद करण्याचा निर्णय अर्थात डॉक्टरांनी घेतला.

हे सगळं पारोळ्यातच होऊ शकलं असतं. त्यासाठी लागतं एक टेबल, एक उशी, पेशंटजवळ उभा राहील असा घरचा माणूस, आणि उलटीसाठी बादली. मान फार कडक असेल, मानेला गंभीर इजा किंवा अलीकडचं ऑपरेशन असेल, तर जोर करू नका. अशा पेशंटला कुशीवर झोपवून करायची पद्धत आहे. स्फटिक आडव्या नलिकेत अडकलेले असतील तर डोळे वर न जाता आडवे हलतात. तेव्हा पेशंटला उताणं ठेवून डोकं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे वळवून बघायचं. ही बारीकसारीक माहिती एका दुपारी शिकता येते.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. आपण सवयीने विचारतो, “गरगरतं, की डोळ्यांपुढे अंधारी येते, की तोल जातो?” पेशंट एक सांगतो, पाच मिनिटांनी दुसरंच सांगतो, आणि त्यात त्याची चूक नाही. त्याऐवजी वेळ विचारा आणि निमित्त विचारा. काय केल्यावर येते? एकदा आली की किती वेळ राहते? कुशीवर वळल्यावर, वाकल्यावर, वर बघितल्यावर काही सेकंद येत असेल तर बीपीपीव्ही. खाटेवरून उभं राहिल्यावरच येत असेल आणि आडवं असताना कधीच येत नसेल, तर आडवं असतानाचं आणि उभं केल्यावरचं बीपी मोजा. बीपीच्या गोळ्या आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं की आपल्या भागात हे फार दिसतं. वीस मिनिटांपासून काही तास टिकणारी, सोबत एका कानात दडा, गुणगुण आणि ऐकू कमी येणं असेल तर मेनिएर या अंतर्कर्णाच्या आजाराचा विचार करा, आणि कानाचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, त्याच आठवड्यात काढायला पाठवा. मेनिएरमध्ये सुरुवातीला खालच्या स्वरांचं ऐकणं कमी होतं आणि पुन्हा सुधारतं, त्यामुळे उशिरा काढलेल्या ऑडिओग्राममध्ये काहीच सापडत नाही. तरुण बाई, पूर्वी अर्धशिशी, चक्करच्या वेळी उजेड आणि आवाज नकोसा, तर अर्धशिशीचीच चक्कर असू शकते. त्या वेळी डोकं दुखतच असेल असं नाही. ही चक्कर खूप जणींना असते आणि फार थोड्यांना तिचं नाव सांगितलं जातं.

रक्त कमी असणं हेही खरं कारण आहे. नंदुरबारच्या डोंगराळ भागात, अक्राणी-अक्कलकुवा-तळोद्याकडे, सिकलसेल आणि ॲनिमिया किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथे हिमोग्लोबिन बघायलाच हवं. पण हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईलाही बीपीपीव्ही होतो, आणि लोहाच्या गोळ्यांनी स्फटिक जागेवर जात नाहीत.

ज्या चक्करची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती वेगळी आहे. काल रात्रीपासून सलग चालू, थांबायलाच तयार नाही, उलट्या होतायत, चालता येत नाही. ही बहुतेक वेळा एका बाजूच्या तोलाच्या मज्जातंतूची सूज असते. पण काही वेळा हा लहान मेंदूचा स्ट्रोक असतो, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. इथे मागे आडवं करून बघायची ती डिक्स-हॉलपाइक तपासणी करायची नाही. इथे बघायचं की माणूस आधाराशिवाय बसू शकतो का. दोन-दोन दिसतं का, बोलणं जड झालंय का, चेहरा किंवा अंगाची एक बाजू बधिर आहे का, गिळता येतं का. समोर बघताना, उजवीकडे बघताना, डावीकडे बघताना डोळ्यांचे झटके एकाच दिशेने जातात का. कानाचं दुखणं असेल तर ते एकाच दिशेने जातात. उजवीकडे बघताना उजवीकडे आणि डावीकडे बघताना डावीकडे जात असतील, किंवा नुसते वर-खाली जात असतील, तर मेंदूकडे बोट आहे.

आणि एक तपासणी, सिडनीच्या हाल्माजी आणि कर्थॉईस यांनी १९८८ साली सांगितलेली. पेशंटला तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, डोकं दोन्ही हातांत धरा आणि अचानक, झटक्यात, थोडंसंच बाजूला वळवा. कान बिघडलेला असेल तर नजर नाकावरून घसरते आणि मग धावत परत येते. सलग चक्कर चालू आहे आणि तरी नजर नाकावरच चिकटून राहिली, तर समाधान मानू नका. कान ठीक आहे आणि चक्कर चालू आहे, म्हणजे बिघाड आणखी आत आहे. या तपासणीला झटक्यांची दिशा आणि एक-एक डोळा झाकून नजर वर-खाली सरकते का हे बघणं, अशी जोड देऊन २००९ साली डॉ. काटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शिकलेल्या हाताने केलेल्या या तीन गोष्टी पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयपेक्षाही जास्त स्ट्रोक पकडतात. पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मेंदूच्या मागच्या भागातला छोटा स्ट्रोक एमआरआयमधून निसटू शकतो. सीटी स्कॅनमध्ये तर तो सहज निसटतो. ‘सीटी नॉर्मल आहे, घरी जा’ हे वाक्य अशा पेशंटला कधीही सांगू नका. धडगावहून नंदुरबारला, चोपड्याहून जळगावला गाडी निघायला जो वेळ जातो तोच वेळ उपचाराचा असतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मुदत लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांची आहे.

एका कानाचं ऐकणं अचानक गेलं आणि सोबत चक्कर, तर तेही त्याच दिवशी तज्ज्ञाकडे. आणि वर्षानुवर्षं वाहणारा, वास येणारा कान, त्यात आता चक्कर सुरू झाली, तर कानातल्या हाडाला सडवणारा आजार नलिकेपर्यंत पोचलेला असू शकतो. अशा कानात तेल घालू नका, असं त्या घराला ठणकावून सांगा. आपल्याकडे कोमट तेलाचे दोन थेंब हा अजूनही पहिला उपाय आहे.

मग माझी मशीन कशासाठी? तुमच्या टेबलवर उत्तर मिळालं नाही तर. व्हीएनजी म्हणजे काळा गॉगल, आत इन्फ्रारेड कॅमेरा. अंधारात डोळ्यांचे झटके जास्त स्पष्ट दिसतात, कारण उजेडात पेशंट एखाद्या वस्तूवर नजर रोखून ते दाबून टाकतो. पडद्यावर ठिपका फिरतो आणि डोळे त्याच्यामागे कसे जातात याची नोंद होते. त्यावरून बिघाड मेंदूत आहे का याचा अंदाज येतो. मग कॅलरिक चाचणी. कानात तीस अंशाचं आणि चव्वेचाळीस अंशाचं पाणी, किंवा थंड-गरम हवा, एकेक कानात वेगवेगळी सोडायची. आडवी नलिका कानाच्या बाहेरच्या नळीजवळ असते, तिचं तापमान बदलतं, आतला द्रव हलतो, चांगल्या कानाला मुद्दाम चक्कर आणता येते. दोन्ही बाजूंची चक्कर मोजली की कुठला कान कमी काम करतो ते कळतं. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी कान धुताना पेशंटला चक्कर येते हे बघून याच्या मुळाशी गेले. पाणी थंड असलं की झटके एका दिशेने, गरम असलं की दुसऱ्या. १९१४ सालचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आज आकड्यांनी मोजता येणारी ही चाचणी फिट्झगेराल्ड आणि हॉलपाइक यांनी १९४२ साली बसवून दिली. व्हिडिओ हेड इम्पल्स मशीन आता सहाही नलिका वेगवेगळ्या तपासते, आणि व्हेम्प चाचणी मोठ्या आवाजावर मानेच्या आणि डोळ्याखालच्या स्नायूंचा प्रतिसाद मोजून युट्रिकल आणि तिच्या शेजारची सॅक्युल या दोन्ही पिशव्यांची खबर देते.

इतकं सगळं असूनही कॅलरिक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून बीपीपीव्ही नाही असं होत नाही. कॅलरिक फक्त आडवी नलिका बघते. म्हणून मशीनचा कागद आला तरी टेबलवरची तपासणी झाली आहे का ते विचारा. माझ्या रिपोर्टवरही ते विचारा.

पेशंट पाठवताना काही गोष्टी सांभाळल्या तर त्याचा दिवस वाया जात नाही. अमळनेरहून, शहाद्याहून सकाळची गाडी पकडून आलेल्या बाईला परत पाठवणं मला जड जातं. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या शक्य असेल तर अठ्ठेचाळीस तास आधी बंद करायला सांगा, नाहीतर कान ठीक असूनही कमजोर दिसतो. बीपी, साखर, हृदय, फिट्स यांची औषधं मात्र बिलकुल बंद करू नका, हे चिठ्ठीवर लिहूनच द्या, कारण पेशंट ‘सगळ्या गोळ्या बंद’ असंच ऐकतो. कानात मळ असेल तर काढून पाठवा. कानाच्या पडद्याला भोक असेल तर कळवा, म्हणजे पाणी वापरायचं नाही हे मला आधी कळेल. पोट अगदी भरलेलं नको. आणि काजळ नको. कॅमेरा बुबुळ शोधतो आणि त्याला काजळाची काळी रेघ सापडते. कितीतरी बायकांच्या डोळ्यांतलं काजळ मी ओल्या कापसाने पुसत बसते, तरी ते पुरतं निघत नाही.

आता गोळ्यांविषयी, थोडं जास्त स्पष्टपणे. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही औषधं जोरात चक्कर चालू असताना पहिले दोन-तीन दिवस उपयोगाची आहेत. त्यानंतर ती नुकसान करतात. एका बाजूचा कान कमी पडला तर मेंदू दुसऱ्या बाजूच्या आधाराने तोल सावरायला शिकतो, आणि या गोळ्या ते शिकणंच मंद करतात. म्हाताऱ्या माणसांना महिनोन्‌महिने दिल्या तर हात थरथरणं, चाल आखडणं, चेहरा निर्विकार होणं हे पार्किन्सनसारखं चित्र उभं राहतं. मग त्याच्या गोळ्या सुरू होतात. बीपीपीव्हीला तर या गोळ्यांचा उपयोगच नाही. अशा पेशंटला चालायला लावा, मान वळवायला लावा, डोळे एका ठिकाणी ठेवून डोकं हलवायचा व्यायाम शिकवा.

आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक. हे लिहिताना मला रावेर भागातला एक केळी उत्पादक आठवतो. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून बागेला पाणी रात्री भरायचं. बांधावरून चालताना तो पडायला लागला. दिवसा ठीक, अंधारात पाय टाकता येत नाही. मोटारसायकलवर समोरचा रस्ता उड्या मारतो. ऐकू उत्तम येत होतं, म्हणून कानाचा संशय कोणाला आला नाही. गावात तर दारूचा संशय आला. तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या नलिका जवळजवळ बंद होत्या. काही महिन्यांपूर्वी तापात त्याला रोज इंजेक्शन दिलं गेलं होतं, आणि त्याने जपून ठेवलेल्या कागदावर नाव होतं जेंटामायसिन. हे औषध अनेकदा ऐकणं शाबूत ठेवून फक्त तोल घेऊन जातं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. ज्याला गरज आहे त्याला ते द्यावंच लागतं, पण साध्या तापाला नको. मूत्रपिंड कमजोर असलेल्या, म्हाताऱ्या पेशंटला तर दोनदा विचार करून द्या, आणि दिल्यावर ‘अंधारात चालताना तोल जातो का’ हा एक प्रश्न विचारत जा. वेळेत कळलं तर औषध थांबवता येतं. या माणसाला आता बॅटरी घेऊन, काठी टेकत, बागेत जावं लागतं.

धुळे, जळगाव आणि नंदुरबार इथे आपल्याकडे तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या प्राध्यापकांना तुमच्यापैकी अनेक जण ओळखतात. प्रत्येक इंटर्नने बाहेर पडण्याआधी ही टेबलवरची तपासणी स्वतःच्या हाताने केलेली असावी, असा आग्रह तुम्ही धरलात तर त्याला वजन येईल. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून आहे. त्याच्या शिबिरांत आपण ऐकणं तपासतो. चक्कर येणाऱ्या माणसाला त्याच खोलीत, त्याच दिवशी आडवं करून बघायला वेगळा खर्च नाही.

तुमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेची मासिक बैठक असेल, तर त्यातला एक तास मला द्या. साक्री असो, नवापूर असो, जामनेर असो, मी स्वखर्चाने येईन. भाषण नको, स्लाईड नकोत. एक तपासणीचं टेबल ठेवा, दोन-तीन पेशंट बोलावून ठेवा ज्यांना कुशीवर वळलं की चक्कर येते, आणि त्यांच्या सोबत घरचं कोणीतरी येऊ द्या. मी एकदा करून दाखवीन, त्यानंतर प्रत्येकाने आपल्या हाताने एकदा करायचं. रविवार मला चालतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पेशंट येणार नाहीत, म्हणून दिवाळीआधीची तारीख धरलेली बरी.

आपली,
जळगाव जिल्ह्यात कानाच्या तपासण्या करणारी एक ऑडिओलॉजिस्ट